ज्याची फाईल, त्याला सांगा

श्रीमती शारदाबाई रणनवरे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त म्हैसूरमधली जुनी मराठी घराणी आणि आमच्या धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त यांनी मिळून गौरव समिती नेमली आहे, ग्रंथ काढायचं ठरवलं आहे, आणि बाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलेली म्हणून मलाही लिहायला सांगितलं आहे. समितीच्या चिटणीसांनी फोन केला. सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाले, "प्रज्ञाताई, गोड लिहा हं. जुनं उकरू नका. मंगल प्रसंग आहे."

मी फोन ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गोडच हवं होतं तर म्हैसूरपाकाची पेटी मागवायची होती, लेख कशाला मागवला? मी कोल्हापूरची आहे. राग आला की तो माझ्या तोंडावर दिसतो आणि कागदावरही. संपादकांना मी लेख देतानाच सांगितलं आहे की छापायचा तर अख्खा छापा, नाहीतर परत करा. हे तुमच्या हातात आलं असेल तर त्यांनी शब्द पाळला, त्यांचे आभार.

शारदाबाईंची आणि माझी पहिली भेट एका टेबलाच्या दोन टोकांना झाली. नवऱ्याला इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून मी म्हैसूरला आले, आणि रुग्णालयाच्या संगणक विभागात जागा आहे असं कळल्यावर मुलाखतीला गेले. नावनोंदणीच्या खिडकीपाशी रांगेत उभी होते. कंप्युटरचा पडदा लोकांकडे तोंड करून ठेवलेला, रांगेतल्या कुणीही वाचावा असा. तेवढ्यात सुती साडीतल्या, पदर खोचलेल्या एक धिप्पाड बाई तरातरा आल्या आणि ते जड लाकडी टेबल एकट्याच ढकलू लागल्या. माझ्याकडे बघून मराठीत ओरडल्या, "हात लाव की गं! सुम्ने काय उभी राहिलीस?"

सुम्ने म्हणजे उगीच. हा मी शिकलेला पहिला कन्नड शब्द. मी म्हटलं, "मी मुलाखतीला आलेय." त्या म्हणाल्या, "तेच चाललंय. उचल."

टेबल फिरवून पडद्याचं तोंड भिंतीकडे केल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि विचारलं, "इथे उभी होतीस तेव्हा काय काय वाचलंस?" माझी नजर तेज आहे हे दाखवायची संधी मिळाली म्हणून मी खुशीत सांगितलं, माझ्या पुढच्या माणसाचं नाव, वय, कुठल्या विभागात जायचं आहे ते. "तो बघ, बाकावर बसलाय," बाई म्हणाल्या. "जा, त्याला सांग. मी तुमचं वाचलं म्हणून." मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. मला कन्नड येत नव्हतं, तर स्वतः दुभाषी म्हणून शेजारी येऊन उभ्या राहिल्या! तो बिचारा आधी भांबावला. मग त्याने हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कुठे तोंड लपवू असं झालं. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "आयतु. झालं. सोमवारपासून ये."

"ज्याची फाईल, त्याला सांगा" हा बाईंचा एकच नियम. दुसऱ्याच्या आजारपणाचं काही तुम्ही पाहिलंत, कामासाठी असो की चुकून, तर ज्याचं आहे त्याला ते कळलं पाहिजे. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, कशासाठी पाहिलं. बाकी सगळी यंत्रणा त्यांनी या एका वाक्याभोवती उभी केली.

या ग्रंथात इतर लेखांत तुम्हाला हमखास वाचायला मिळेल की बाईंचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, आणि जसा त्यांनी किल्ल्याचा दरवाजा राखला तसा यांनी सर्व्हरचा राखला. रुग्णालयाच्या प्रत्येक समारंभात कुणीतरी हे वाक्य टाकतंच आणि टाळ्या घेतं. बाईंना ते मुळीच आवडत नाही. "पणजोबा घोड्याला वैरण घालत होते गं," त्या म्हणतात. "दरवाजा कोण देतंय त्यांच्या हातात!" त्यांच्या वडिलांनी लष्कर मोहल्ल्यात घड्याळं दुरुस्त केली. बाई संगणक शिकल्या त्या काळात त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि घरी सगळ्यांचं म्हणणं होतं की टायपिंग शिकली तरी पुरे.

मी लागले तेव्हा रुग्णालयातल्या निम्म्या लोकांचा पासवर्ड म्हणजे डोंगरावरच्या देवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. उरलेल्यांनी आपापल्या मुलांची नावं घेतली होती. वर तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला, काही ठिकाणी चिठ्ठीला कुंकूसुद्धा लावलेलं. बाई एकेक चिठ्ठी काढत वॉर्डावॉर्डातून फिरायच्या. "अय्यो, देवीला आणखी किती राबवाल? तिला राक्षस मारायचाय, तुमच्या फायली कुठे राखत बसवता!" परिचारिका हसायच्या. बाईंची पाठ वळली की नवी चिठ्ठी लागायची. पुन्हा बाई हजर.

मोठे डॉक्टर मात्र हसायचे नाहीत. आमचे एक ज्येष्ठ शल्यविशारद आपला पासवर्ड परिचारिकेपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना देऊन मोकळे झाले होते. बाईंनी त्यांचं लॉगिन बंद केलं. ते भर कॉरिडॉरमध्ये कडाडले, "शारदाम्मा, तुमच्या कुलपापायी माझा पेशंट मरेल!" बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर एकतर घाबरलं असतं किंवा नियमांची पोपटपंची केली असती. बाईंनी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. तातडीच्या वेळी कुलूप आडवं येऊन चालत नाही. मग त्यांनी अशी सोय केली की तातडी असेल तर रुग्णालयातल्या कुठल्याही डॉक्टरने कुठलीही फाईल एका बोटाने उघडावी, कुणी अडवणार नाही. फक्त नाव उमटेल, आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्याला सांगितलं जाईल, तुमची फाईल यांनी उघडली होती. तेच शल्यविशारद पुढे बाईंचे सगळ्यात मोठे पाठीराखे झाले. "मी उघडलं तर मला सांगायला लाज का वाटावी?" असं ते म्हणायचे. निवृत्त होऊन ते गोकुलमला राहतात. या ग्रंथासाठी समितीने त्यांना विचारलंसुद्धा नाही, आणि का विचारलं नाही ते मला चांगलं माहीत आहे, ते जुनं हमखास उकरतील.

बाईंच्या मायेविषयी लिहायला हवं. एकदा मी स्वतः आमच्याच रुग्णालयात भरती होते. कशासाठी, ते मी सांगणार नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, काय झालं नक्की? डॉक्टर काय म्हणाले? पहिल्यांदाच का? मायेपोटीच विचारत होते सगळे, मी नाही म्हणत नाही. पण उत्तरं देऊन देऊन मी रडकुंडीला आले होते. शारदाबाई आल्या, डब्यातून गरम सारभात काढला, माझा चमचा धुऊन दिला. बागेतल्या कढीपत्त्याच्या झाडाला कीड लागली आहे, त्याविषयी तासभर बोलत बसल्या. मला काय झालंय हे त्यांनी विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "तुझी फाईल तुझ्या डॉक्टरशिवाय कुणी उघडली तर तुला कळेल. मी पण नाही उघडली." त्या गेल्यावर मी पांघरूण डोक्यावर घेऊन मनसोक्त रडले आणि मग मला झोप लागली.

आता चिटणीसांना नको असलेलं जुनं. ते उकरल्याशिवाय बाईंचा गौरव करणं मला जमणार नाही. तो गौरव खोटा ठरेल.

आपल्याकडची एक रीत आहे. ती लिहिलेली कुठे सापडणार नाही, पण हा ग्रंथ हातात घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हैसूर, हुणसूर, पिरियापट्टण, नंजनगूड, इथली आपली घरं मोजकी. सगळे सगळ्यांचे सोयरे. सोयरीक ठरवायची वेळ आली की मुलीचं गोत्र, कूळ, शिक्षण बघून होतं, आणि मग रुग्णालयात असलेल्या कुठल्यातरी नातेवाइकाला फोन जातो, "जरा कंप्युटरमध्ये बघून सांग ना, पोरगीला काही आहे का." मुलाचं बघत नाहीत. मुलीचं बघतात. आणि याला कुणी चोरी म्हणत नाही. याला चौकशी म्हणतात!

अशाच एका मुलीची ही गोष्ट. तिचं नाव मी लिहिणार नाही. गावही लिहिणार नाही, कारण गाव लिहिलं की तुम्ही संध्याकाळपर्यंत घर शोधून काढाल. तिला काय आजार होता, ते जाणून घ्यायची उत्सुकता तुम्हाला आत्ता वाटली असेल, तर तिच्या सोयरिकीच्या वेळी ज्यांना ती वाटली त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय, ते तुम्हीच सांगा. लिहायच्या आधी मी तिला फोन केला होता. ती म्हणाली, "लिहा अक्का. नाव बेडा." नाव नको.

मुलगा आमच्या एका विश्वस्तांचा. साखरपुडा ठरला होता. दसऱ्यात आयुधपूजेच्या दिवशी म्हैसूरमध्ये काय थाट असतो तो तुम्हाला सांगायला नको, सायकलपासून क्रेनपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि दारात कोहळा फोडलेला. रुग्णालयात कंप्युटरचीही पूजा होते. आणि आमच्या लोकांचा ठाम समज असा की बंद यंत्राची पूजा करायची नाही, यंत्र जागं पाहिजे. म्हणून सकाळपासून आरतीपर्यंत एकूणएक पडदे उघडे, प्रत्येकावर कुणा ना कुणा डॉक्टरचं लॉगिन चालू, आणि माणसं प्रसादाला पांगलेली. दर वर्षी बाई भांडून भांडून निदान लॉगिन बंद करून घ्यायच्या आणि पडद्यावर नुसतं देवीचं चित्र ठेवायला लावायच्या. त्या वर्षी घरच्या कार्यासाठी त्या तलकाडला गेल्या होत्या. मी सकाळी सांगून आले, तर मला उत्तर मिळालं, "बाई नाहीत ना आज? मग राहू द्या हो." त्या दिवशी कुणीतरी उघड्या पडद्यासमोर बसलं आणि त्या मुलीची फाईल वाचली.

नंतर साखरपुडा मोडला. नुसता मोडला असता तरी ती मुलगी उभी राहिली असती. पण मुलाकडच्यांनी तिच्या बापाला तिच्या गोळीचं नाव सांगितलं. घरात बसवून, चहा पाजून, गोळीचं नाव! तिने ते आपल्या बापालाही सांगितलं नव्हतं.

ती एकटी बस पकडून म्हैसूरला आली आणि थेट बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. रडली नाही, नुकसानभरपाई मागितली नाही. एवढंच विचारलं, "यारु नोडिद्रु?" कुणी बघितलं?

बाईंनी तपासलं. नोंदीत एका तरुण डॉक्टरीणबाईंचं नाव होतं, आणि त्या तर तेव्हा आमच्याच पंगतीत चिंचेचा पुळियोगरे भात खात बसल्या होत्या. हे कळल्यावर त्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग बाईंनी काय केलं? कॉरिडॉरच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत मोठ्याने विचारलं, "आयुधपूजेला या पडद्यावर कोण बसलं होतं?"

"मी," बिलाच्या खिडकीतून आवाज आला. त्याच विश्वस्तांचा भाचा. हातातलं काम न थांबवता तो म्हणाला, "मामींनी विचारलं होतं. सोयरीक करायची तर बघायला नको? आपल्यातलंच आहे ना सगळं."

मला आजही चीड येते ती त्या आवाजाची. त्यात भीती नव्हती, लाज नव्हती. आपण काही वाईट केलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाईंनी त्याला नोकरीवरून काढा असं म्हटलं नाही, हे मला इथे ठळक अक्षरात लिहायचं आहे, कारण पुढे सगळीकडे उलटंच पसरवलं गेलं. त्या म्हणाल्या, "तिच्या घरी जा. दारात उभा राहा आणि सांग, मी बघितलं. बस्स, तेवढंच." तो हसला. मग हसायचं थांबला. मग मामांकडे गेला.

विश्वस्तांनी बैठक बोलावली. काय ठरलं? तर मुलीला कळवायचं की फाईल डॉक्टरांनी उपचाराच्या कामासाठी उघडली होती. नोंद पुसायची. आणि विषय संपवायचा. "शारदाम्मा, घरातली गोष्ट घरात राहू दे," असं एक जण म्हणाले. बाई म्हणाल्या, "तिच्या घरातली गोष्ट होती. तुम्ही आपल्या घरात आणलीत." त्यांनी नोंद पुसली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मला म्हणाल्या, "येतीस का?" आणि आम्ही दोघी त्या मुलीच्या गावी गेलो.

बाप ओसरीवर होता. त्याने विचारलं, काय काम काढलंत? बाईंनी हात जोडले. "मुलीशी बोलायचंय. तिला वाटलं तर ती तुम्हाला सांगेल." मलाही त्यांनी ओसरीवरच बसवलं आणि मुलीला घेऊन त्या परसात गेल्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मुलगी परत आली तेव्हा तिने चहा टाकला आणि पहिला कप बापाच्या हातात दिला.

आता ऐका आपल्या माणसांनी काय केलं ते. महिना उलटायच्या आत संगणक विभागप्रमुख शारदाबाई रणनवरे यांची बदली चादरी-कपड्यांच्या भांडारात झाली. "नव्या पिढीला संधी" असं कारण दिलं. भाचा बिलाच्या खिडकीतच राहिला. लष्कर मोहल्ल्यात बाईंना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. सख्ख्या चुलत बहिणीने लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवली, घर दोन गल्ल्या पलीकडे असताना! बाईंना घरभेदी म्हणणारे लोक मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. ते या गौरव समितीत आहेत. कुणाच्या घराचा भेद कुणी केला, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही. आणि बाईंनी काय केलं म्हणाल, तर चादरी मोजल्या. त्या सगळ्या काळात त्यांनी माझ्याजवळ कुणाचं एक वाईट वाक्य काढलं नाही. त्यांच्या वाट्याचं सगळं मीच घरी जाऊन नवऱ्याजवळ ओरडायची.

बाई भांडारात गेल्यावर चिठ्ठ्या पुन्हा लागल्या, देवी पुन्हा कामाला जुंपली गेली. मग एक दिवस सकाळी सगळे पडदे एकदम काळे. परदेशातल्या कुठल्यातरी चोरांनी आमचा सगळा सर्व्हर कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. डायलिसिसवाले रुग्ण दारात, आणि कुणाचं काय चाललं होतं ते कुणाला सांगता येईना. तेव्हा कुठे विश्वस्त स्वतः भांडारात गेले. बाई चादरी खाली ठेवून वर आल्या. त्यांनी पूर्वीच घालून दिलेला शिरस्ता होता की सगळ्या फायलींची एक प्रत जाळ्याला न जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत राहील. तो शिरस्ता बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो. त्या प्रतीवरून बाईंनी सगळं परत उभं केलं. एक छदामही चोरांना गेला नाही.

वर्तमानपत्रात फोटो आला. बाईंना त्यांची खुर्ची परत मिळाली. हार, शाल, सगळं झालं, आणि हा ग्रंथही त्याच पराक्रमासाठी निघतो आहे, हे समितीने पत्रकात लिहिलंच आहे. मला त्याचीच शिसारी येते. चोर परदेशातला होता म्हणून बाई रणरागिणी झाल्या. चोर आपल्या पंगतीतला होता तेव्हा त्या घरभेदी होत्या. बाईंनी दोन्ही वेळा एकच काम केलं. टाळ्या फक्त सोयीच्या वेळी वाजल्या.

इथवर लिहून मी थांबले असते. पण गेल्या महिन्यात बाई स्वतः उपचारासाठी आमच्या रुग्णालयात होत्या. त्या घरी गेल्यानंतर एका सकाळी माझ्या पडद्यावर सूचना आली. शारदाबाई रणनवरे यांची फाईल त्यांच्या उपचाराशी काडीचाही संबंध नसलेल्या एका कर्मचाऱ्याने उघडली होती. मी त्याला बोलावलं. तो लगेच म्हणाला, "मॅडम, चिटणीससाहेबांनी विचारलं होतं. बाई व्यासपीठावर बसू शकतील का, जिना चढू शकतील का. सत्काराची तयारी करायचीय ना. चांगल्यासाठीच."

चांगल्यासाठीच! चिटणीस वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखर बाईंसाठी मऊ खुर्ची हवी होती. ज्या बाई आयुष्यभर लोकांच्या फायली राखण्यासाठी भांडल्या, त्यांच्या गौरवाची तयारी म्हणून त्यांचीच फाईल चोरून उघडायची, आणि यात काही विपरीत आहे हे समितीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात येऊ नये? बाईंचं घर रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दार दिवसभर उघडं असतं. त्या दारात जाऊन "बाई, जिना चढवेल का?" एवढं विचारायला कुणाची जीभ झडत होती?

नियम नियम आहे. त्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले. त्या कढीपत्ता खुडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमची फाईल उघडली गेली." त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "कुणी?" मी सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं, दमलेलंही पाहिलं. अपमान झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कढीपत्त्याची ती डहाळी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्या पोरीला असंच वाटलं असेल गं. मी तिला जाऊन सांगितलं, पण कसं वाटतं ते मला आज कळतंय."

मी विचारलं, सत्कार नाकारायचा का? "नाकारून काय होणार? म्हणतील, म्हातारी रुसली. मी येते. पण ज्याने बघायला लावलं त्याने आधी इथे यायला पाहिजे. दारात उभं राहून सांगायला पाहिजे, मी बघितलं." आणि म्हणाल्या, "तू लिही. नाव नको घालूस. ज्याने केलं त्याला कळतंय."

म्हणून मी लिहिलं. चिटणीसमहाशय, हा लेख मी संपादकांकडे देत असतानासुद्धा तुम्ही बाईंच्या दारात गेलेला नाहीत. मला फोन करून "एवढं काय मनावर घेता" असं मात्र दोनदा म्हणालात. सत्कार रविवारी आहे. तोपर्यंत वेळ आहे. तुम्हाला क्षमा मागायलासुद्धा कुणी सांगितलेलं नाही, फक्त खरं सांगायचं आहे. विश्वस्तांचा तो भाचा आजवर त्या मुलीच्या दारात गेला नाही, त्यालाही बरोबर घेऊन निघालात तर त्या गावचा रस्ता मी दाखवीन. तुम्ही गेला नाहीत, तर रविवारी बाई व्यासपीठावर नसतील आणि शाल तुम्हाला रिकाम्या खुर्चीवर घालावी लागेल.

आणि बाकीच्यांसाठी : शारदाबाई या महिनाअखेर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी मी बसणार आहे. "आता बाई नाहीत, जरा सैल सोडा" असे निरोप आत्तापासून यायला लागलेत. सैल सोडणार नाही. कुठल्याही मुलीची चौकशी करायला मला किंवा माझ्या विभागात फोन केलात, तर तुमचं नाव त्या मुलीला त्याच दिवशी कळेल. मग मलाही घरभेदी म्हणा.

अशा लेखाच्या शेवटी उत्सवमूर्तींना निरोगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते मी मनापासून चिंतते. बाई, तुम्ही शंभरी गाठा. अंगात आमच्यावर ओरडण्याइतकी ताकद राहू दे, कढीपत्त्याची कीड जाऊ दे, हळदीकुंकवाला ज्यांनी बोलावलं नाही त्यांना तुमच्या दाराची पायरी चढायची बुद्धी होऊ दे.

तुमची फाईल माझ्यापासून एका बोटाच्या अंतरावर आहे. ती मी उघडलेली नाही. तुम्हाला काय झालं होतं मला माहीत नाही, आणि इतके दिवस विचारायचा धीरही झाला नाही. आज सगळ्यांसमोर तुम्हालाच विचारते. बाई, तब्येत कशी आहे?